मुक्या भोंग्याचा पिक्चर

तळवली, नवी मुंबई
२४ नोव्हेंबर १९९६

चि. बाबासो यास कोंडिबाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल राग धरू नकोस. तुझे गणपतीतले पत्र मी उशीखाली ठेवले आहे. उत्तर लिहायला बसलो की काहीतरी नवी काळजी यायची आणि आधीच्या काळज्या त्यापुढे लहान वाटायच्या. एकदा टाकीला गळती लागली, एकदा तुझ्या आक्काचा गुडघा धरला, एकदा काहीच झाले नाही, तर आता काय होणार म्हणून लिहिले नाही. पण आताची काळजी अशी आहे की ती तुझ्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

मार्केटमध्ये पोती वाहायचे सुटल्यापासून मी अंकुश मास्तरांच्या ब्रास बँडमध्ये मोठा पितळी भोंगा गळ्यात घालून चालतो, हे तुला ठाऊक आहे. मी तो वाजवत नाही हेही ठाऊक आहे. आक्काने सांगितले तेव्हा तुला जेवता जेवता ठसका लागला होता. त्यात हसण्यासारखे काय होते ते मला अजून कळले नाही. लोक एकवीस माणसांचा बँड सांगतात. एकवीस वाजवणारे आणायचे कोठून? मग ज्याला सदरा बसेल त्याला मास्तर रांगेत उभा करतात. आम्हाला मुके म्हणतात. आम्ही पाय बरोबर टाकायचे, गाल फुगवायचे, आवाज बाकीच्यांनी काढायचा. माझे गाल सगळ्यांत मोठे फुगतात, म्हणून भोंगाही सगळ्यांत मोठा मला.

तर आता मंजुषा नावाची एक पोरगी पुण्याहून आली आहे. ती आमच्या बँडवर पिक्चर काढते आहे. त्याला डॉक्युमेंटरी म्हणतात. त्यात गोष्ट नाही, हिरॉईन नाही, मारामारी नाही. मी विचारले, "मग लोक बघायला कशाला येतील?" ती म्हणाली, "आजोबा, तुमच्यासाठी येतील. तुमचे गाल म्हणजे या फिल्मचा आत्मा आहेत."

बाबासो, इथेच घोळ आहे. तिला माहीत नाही की मी मुका आहे. ती प्रत्येकाला एकेकटे उभे करून वाजवायला लावणार आहे आणि माझी पाळी शेवटची ठेवली आहे, मानाची म्हणून. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोंडिबा, तू मुका आहेस हे पडद्यावर दिसलं तर उद्या प्रत्येक नवरीचा बाप माझे मुके मोजत बसेल. एक तरी सूर काढ. नाहीतर सदरा धुऊन, इस्त्री करून परत दे."

सदरा परत द्यायचा म्हटले की माझा जीव खाली-वर होतो. मार्केटमध्ये माझा जन्म पाठीवर पोते घेऊन "बाजूला, बाजूला" ओरडण्यात गेला, पण कधी कोणी हलले नाही. हा लाल सदरा घातला की मी तोंड उघडत नाही तरी लोक बाजूला होतात. एवढेच सुख आहे.

तू गावच्या बँडात हाच भोंगा वाजवायचास. तर मला पत्राने शिकव. चित्र काढलेस तरी चालेल. कोणाला सांगू नकोस.

तुझा,
कोंडिबा

* * *

जांभळेवाडी, जि. सातारा
३ डिसेंबर १९९६

ती. दाजींस, बाबासोचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचून एवढा हसलो की शालन स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. तिला वाटलं मला फेफरं आलं. हिरॉईन नाही म्हणता ते बरं झालं, नाहीतर आक्का तुम्हाला त्या पिक्चरमध्ये जाऊ देत नव्हती.

आता शिकवणी. ध्यान देऊन वाचा.

भोंग्याचं तोंड, म्हणजे ती पितळी वाटी, काढून हातात घ्या. आधी नुसत्या वाटीवर शिका. ओठ घट्ट मिटा. समजा तुमच्या ओठाला तंबाखूची काडी चिकटली आहे आणि समोर व्याही बसले आहेत. हातानं काढता येत नाही. मग तुम्ही कसं हळूच 'प्फ' करून उडवता? तसंच करायचं, पण लांबवायचं. ओठ माशीच्या पंखासारखे थरथरले पाहिजेत. वारा पोटातून आणायचा.

आणि दाजी, मुख्य गोष्ट. गाल फुगवायचे नाहीत! गाल फुगले की वारा गालातच बसतो, बाहेर येत नाही. तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते वाजवण्याच्या बरोबर उलटं आहे.

मी भोंगा उचलला की आमच्या वाडीत पाखरं उडायची. आता माझे पुढचे दात गेले, नाहीतर मीच येऊन वाजवला असता. सांगितलं तेवढं करा.

कोणाला सांगितलं नाही. शालनला सांगितलं, पण ती घरचीच.

तुमचा,
बाबासो

* * *

तळवली
१९ डिसेंबर १९९६

चि. बाबासो यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी पंधरा वेळा वाचले. आक्काने ते डब्यात ठेवून दिले, नाहीतर घडीवर फाटले असते.

वाटीवर शिकायला लागलो. पहिल्या दिवशी नुसती थुंकी आली. दुसऱ्या दिवशी जरा बारीक आवाज आला, तर घरमालकीण चांगुणाबाई दार वाजवत आल्या. म्हणाल्या, "कोंडिबा, कोनाचं पॉट बिघारलाय? वव्याचं पानी देव का?" आक्काने माझ्याकडे बोट केले. चांगुणाबाईंनी मला ओव्याचे पाणी पाजलेच. मी प्यायलो. खरे सांगता येत नव्हते.

मग वाटी भोंग्याला लावली आणि जीव लावून फुंकले. काही नाही. परत फुंकले. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात घंटा वाजली, पण भोंगा गप्प. मला वाटले, माझ्या छातीतच काही दोष निघाला. आक्का म्हणाली, "अहो, भोंगा उलटा करून बघा तरी."

उलटा केला. बाबासो, काय सांगू. आधी मूठभर अक्षता पडल्या. मग सुपाऱ्या, एक पायमोजा, कोणत्या तरी नवऱ्या मुलाच्या मुंडावळीचे टोक आणि गेल्या शिमग्यापासून हरवलेली मास्तरांची शिट्टी. शेवटी सदूची चपटी बाटली निघाली. सदू आमचा क्लॅरिनेटवाला. मुका भोंगा वाजत नाही, म्हणून सगळा बँड आपापले सामान माझ्या भोंग्यात ठेवत होता आणि मी ते गळ्यात घालून गावोगाव मिरवत होतो! मी सदूला बाटली परत दिली तर तो उलट माझ्यावरच चिडला. "काका, तुमी वाजवायला लागल्यावर आमी सामान ठेवायचं कुठं? जरा विचार करा ना आमचा."

मग भोंगा घेऊन खाडीच्या बांधावर गेलो. जुन्या मिठागरापाशी कोणी नसते. तुझ्या व्याह्यांना समोर बसवले, काडी ओठावर आहे असे मानले आणि पोटातून वारा आणला.

भोंऽऽऽ.

मी इतका दचकलो की मागे वळून पाहिले. तिवरांतले सगळे बगळे एकदम उठले. पलीकडे एक माणूस होडीत जाळे टाकत बसला होता, तो उभा राहून लाँच कोठून आली ते बघायला लागला. मी भोंगा सदऱ्याने झाकला.

एक सूर निघाला! पण एकच निघतो. कसेही फुंकले तरी तोच. आणि आणखी मोठी काळजी म्हणजे गाल. तुझ्या पद्धतीने वाजवले की गाल चपटे राहतात, आणि मंजुषाला तर गालच पाहिजेत. गाल फुगवले तर आवाज नाही, आवाज काढला तर गाल नाहीत. मी काय करू? आक्का म्हणते एक गाल फुगवा. ती चेष्टा करते आहे.

शूटिंग जानेवारीत बेलापूरला आहे. दुसरा सूर ताबडतोब पाठव.

तुझा,
कोंडिबा

* * *

जांभळेवाडी
२८ डिसेंबर १९९६

ती. दाजींस नमस्कार.

शाबास! पहिला सूर आला म्हणजे निम्मं काम झालं. पायमोजा निघाल्याचं मी पारावर वाचून दाखवलं, तर लोक अंगावर पडून हसले. रागावू नका. आता सगळ्या वाडीला ठाऊक झालंच आहे, तर पिक्चर लागेल तेव्हा आम्ही सगळे टेम्पो करून येणार.

गालाचं म्हणाल तर आधी गाल दाखवा, मग आवाज दाखवा. पिक्चरवाले जोडतात. ते काहीही जोडतात.

दुसऱ्या सुराची घाई करू नका. पहिला मुरू द्या. लोणचं घातलं की आपण दुसऱ्या दिवशी बरणी उघडतो का? गावच्या बँडात मी अठरा वर्षं वाजवलं, पण कोणी मला दुसरा सूर मागितला नाही. एकच पण वजनदार. ते महत्त्वाचं.

तुमचा,
बाबासो

* * *

तळवली
२१ जानेवारी १९९७

चि. बाबासो यास आशीर्वाद.

शूटिंग झाले. मी जिवंत आहे. पण काय झाले ते माझे मलाच नीट कळलेले नाही, म्हणून तुला पहिल्यापासून सांगतो.

रविवारी आम्हाला बेलापूरला नेले. तेथे सगळी सरकारी ऑफिसे आहेत. रविवारी माणूस नाही, नुसत्या इमारती आणि फरशी. मंजुषाचे म्हणणे असे की या रिकाम्या ऑफिसांमधून बँड वाजत जावा, लग्न नाही, वरात नाही, काही नाही. मी विचारले, "का?" ती म्हणाली, "कारण काही नाही, आजोबा. तेच त्यातलं सुंदर आहे." मास्तरांनी हो म्हटले, पण बँड हलेना. मागे नवरदेव नसला की आमच्या लोकांचे पायच उचलत नाहीत. ताल सुरू झाला की सगळे मागे वळून बघायचे, कोणी नाही म्हणून परत थांबायचे. शेवटी आवाज भरणारा इंद्रजित, कानाला दोन डबे लावून फिरतो तो, त्याला डोक्यावर टॉवेल बांधून मागे चालायला लावले. मग बँड सुटला. एका ऑफिसचा वॉचमन धावत आला. "कोणाचं लग्न आहे? परवानगी कुठाय?" सदू म्हणाला, "ह्याचंच लग्न. पोरगी आत फाईलमध्ये अडकलीय." वॉचमनने इंद्रजितचा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि आम्हाला पुढे जाऊ दिले.

मग एकेकट्याचे वाजवणे झाले. शेवटी माझी पाळी. मी भोंगा गळ्यात नीट केला. मास्तर बाजूला हात जोडून उभे होते, मला की देवाला ते कळले नाही.

मंजुषा म्हणाली, "आजोबा, मनापासून वाजवा."

मी डोळे मिटले. व्याही, काडी, पोट. भोंऽऽऽ!

इंद्रजित ओरडला, "कट! ट्रक गेला."

मी डोळे उघडले. मंजुषा रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "थांबू या जरा. आजोबा, परत."

परत फुंकले. भोंऽऽऽ!

"कट! परत ट्रक! काय रस्ता आहे हा, रविवारी पण शांतता नाही." इंद्रजितने कानावरचे डबे काढून कपाळ पुसले.

तिसऱ्या वेळी त्यांनी एका माणसाला रस्त्यावर ट्रक अडवायला पाठवले. तो हात पसरून रिकाम्या रस्त्यात उभा राहिला. मी वाजवले. इंद्रजित म्हणाला, "तिकडून नाही, मागच्या बाजूने जातोय कुठला तरी. मोठी गाडी आहे."

बाबासो, मी काय बोलणार? "ट्रक नाही रे, मी आहे," असे सांगावे तर ते विचारतील, मग आजोबा, बाकीचे सूर कोठे आहेत? मी वाटी पुसत बसलो. वरून मंजुषा म्हणाली, "आजोबा, आज तुमचे गाल का बसलेत? बरं नाही का?" तिने मला लिंबू-सरबत पाजले आणि म्हणाली, "असं करू. तुम्ही नुसते गाल फुगवा. आवाज आम्ही नंतर घालू."

मी नुसते गाल फुगवले. ती म्हणाली, "अप्रतिम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना मास्तर माझ्या कानाशी आले. "कोंडिबा, तो ट्रक तू होतास काय?" मी मान हलवली. त्यांनी डोके खाजवले. मग म्हणाले, "आवाज चांगला मोठा आहे. पण सूर म्हणावा की नाही, विचार करतो. पिक्चर लागू दे, मग सदऱ्याचं ठरवू."

म्हणजे टांगती तलवार तशीच आहे. जेवण जात नाही. खरे वाजवले तर ट्रक म्हणतात, खोटे वाजवले तर अप्रतिम म्हणतात. मग मी शिकलो कशाला?

मास्तरांना मी सांगितले की मला माझ्या मेहुण्याने पत्राने शिकवले. ते थक्क झाले. म्हणाले, पिक्चर दाखवतील त्या दिवशी तुझ्या उस्तादांना बोलव, आपल्या भोंग्यावर त्यांचे दोन-चार सूर ऐकू. ते आले की सूर म्हणतात कशाला ते मास्तर ठरवणार. तेव्हा तू नक्की ये.

तुझा,
कोंडिबा

* * *

जांभळेवाडी
२ फेब्रुवारी १९९७

ती. दाजींस नमस्कार.

ट्रक? माझ्या शिकवणीला ट्रक म्हणाला? त्या इंद्रजितला विचारा, दहाचाकी की टेम्पो. टेम्पो म्हणाला तर अपमान आहे. दहाचाकी म्हणाला तर विचार करता येईल.

दात नाहीत हे मास्तरांना सांगितलं नाही का तुम्ही? बरं, असू द्या. वाडीतले लोक टेम्पो करून येणार हे नक्की. शालनने नवी साडी काढून ठेवली आहे. मी यायचं बघतो. हवेवर आहे.

तुमचा,
बाबासो

* * *

पोस्टकार्ड
जांभळेवाडी, ९ एप्रिल १९९७

ती. दाजींस नमस्कार. पिक्चर १९ तारखेला आहे असं कळलं. माझी कंबर कालपासून अचानक धरली आहे. बसता येत नाही, उठता येत नाही. मास्तरांना नमस्कार सांगा. शालन आणि मंडळी येत आहेत. शालन काही बोलली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका.

बाबासो

* * *

तळवली
११ मे १९९७

चि. बाबासो यास आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? शालनला विचारले तर तिने तोंडाला पदर लावला आणि हसतच सुटली. म्हणाली, "कंबर? काल बांधावरनं उडी मारली त्यांनी." मग म्हणाली, "दुसरा सूर मागितला की त्यांची कंबर धरते." बायकांना कलावंताचे दुखणे कळत नाही. तुझी आक्कापण तिच्याबरोबर हसत होती. मी दोघींनाही बोललो.

उशिरा लिहितो आहे, पण त्याला कारण आहे. सगळे सांगतो.

पिक्चर तळवलीच्या समाजमंदिरात दाखवला. पांढरी चादर बांधली होती. तुझ्या वाडीचे दहा-बारा लोक टेम्पोने आले, निम्म्यांना गाडी लागली होती, तरी पुढे बसले. मी मागे खांबाआड. दिवे गेले आणि पहिलेच चित्र माझे. बाबासो, माझे गाल भिंतीएवढे! चांगुणाबाई ओरडल्या, "आगो, ह्यो तर आमचा भारंकरी हाय!" म्हणजे भाडेकरू. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

आणि माझ्या भोंग्यातून आवाज निघाला तो सदूच्या क्लॅरिनेटचा! एवढे मोठे पितळी पिंप, आणि आतून कसले, बारीक पीं-पीं. मी खांबाआडून उभा राहिलो. मला वाटले आता सगळे हसतील, आता मास्तर सदरा मागतील. पण कोणी हसले नाही. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "म्हातारा काय नाजूक वाजवतो!" तुझ्या वाडीचे लोकपण माना हलवत होते. मी जो खरा वाजवला तो आवाज सगळ्या पिक्चरमध्ये कोठेही नाही. पुसून टाकला. ट्रक म्हणून.

शेवटी टाळ्या पडल्या. मंजुषाने माझ्या पाया पडून नमस्कार केला. इंद्रजित म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी ट्रकनी फार त्रास दिला, पण आम्ही ते सगळं साफ करून टाकलं." मी म्हणालो, "फार चांगले केलेस, पोरा." 

मास्तर मात्र खूश नव्हते. ते मला म्हणाले, "लोक फसले, पण मला ठाऊक आहे ना. एक सूर म्हणजे वाजवणं नव्हे, कोंडिबा. हा सीझन संपला की सदरा दे." मी घरी येऊन सदरा धुऊन वाळत घातला. आक्का त्याला इस्त्री करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

गेल्या रविवारी सीझनचे सगळ्यांत मोठे लग्न होते. वरात ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून पलीकडे जायची होती. नवरदेव घोड्यावर, आम्ही पुढे. रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक एकामागे एक उभे. एकही हलेना. मुहूर्त टळायला आला. नवरीचा बाप मास्तरांवर ओरडला, मास्तर ड्रायव्हरांवर ओरडले, ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसले. सदूने क्लॅरिनेट वाजवून बघितले. एका ड्रायव्हरने त्यावर मान डोलावली आणि बिडी पेटवली.

माझ्या मनात काय आले कोणास ठाऊक. सदरा जायचाच आहे, तर एकदा तरी लोकांसमोर वाजवून जावे. मी पुढे झालो. व्याही, काडी, पोट.

भोंऽऽऽऽऽ!

पुढचा ट्रक दचकून बाजूला झाला. त्याला वाटले मागून त्याच्याहून मोठी गाडी आली. मग त्याच्यापुढचा. मग सगळे. सबंध रस्ता भांग पाडल्यासारखा दोन बाजूंना झाला. माझा जन्म "बाजूला" म्हणण्यात गेला, पण असे कधी कोणी हलले नव्हते. मी रडलो असतो, पण वेळ नव्हता, कारण घोडापण सुटला. तो नवरदेवाला घेऊन मोकळ्या रस्त्याने थेट मांडवात जाऊन उभा राहिला. आम्ही मागे धावत. तळवलीत लग्न मुहूर्तावर लागल्याचे कोणाला आठवत नाही. भटजी अजून चहा पीत होते. त्यांनी नवरदेवाला विचारले, "एवढ्या लवकर कसे?"

मास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाले, "सदरा ठेव. आणि उद्यापासून रांगेत नाही, सगळ्यांच्या पुढे चालायचं." आता लोक बँड सांगायला येतात तेव्हा विचारतात, "तो ट्रकवाला बाबा येणार ना?" सदूनेही आपल्या बाटलीला दुसरी जागा शोधली.

पण बाबासो, नवीनच काळजी उभी राहिली आहे. परवा एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईने मलाच वाजवायला सांगितले. माझ्याकडे एकच सूर. तो वाजवला. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, ती एकदम दचकून हसायलाच लागली. मग नवरा हसला, वऱ्हाड हसले. नवरीची आई माझ्यावर अशी भडकली की जेवणाच्या पंगतीत तिने मला बसू दिले नाही. पुढच्या महिन्यात आणखी तीन पाठवण्या आहेत. वरात निघते पहिल्या सुरावर, पण पोरीची पाठवणी या सुरावर होत नाही. मास्तर पुन्हा सदऱ्याकडे बघतात.

तेव्हा आता पहिला पुरे मुरला आहे. बरणी उघड. मला दुसरा सूर पाठव. फार मोठा नको, रडका पाहिजे. पोस्टकार्डावर मावत नसेल तर अंतर्देशीय घे. कंबरेला शेक दे, निजून लिहिलेस तरी चालेल, पण पुढच्या लग्नाआधी मला मिळेल असे बघ. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा आहे.

तुझा,
कोंडिबा